धिंगरी : एका खाद्य अळंब्याचा अनुवंश व त्याचें सफाईचें कार्य

मृगाच्या सरी पडून गेल्या म्हणजे वारुळांच्या आसपास, शेणखताच्या ढिगांवर व कुजत पडलेल्या ओंडक्यांवर रातोरात छत्र्या उभ्या राहतात. कोंकणांत व गोमंतकांत त्यांतील कांहीं जातींची लोक वाट पाहत असतात. उरलेल्यांस 'कुत्र्याच्या छत्र्या' असें हेटाळणीचें नांव देऊन आपण पुढें चालतों. या छत्रीस पुष्कळ लोक एक लहानसें झाड समजतात. वस्तुतः ती झाड नव्हे, आणि त्या जीवाचा मुख्य भागही नव्हे. आंब्याचें झाड सारें जमिनीखालीं दडलेलें असावें व आंबाच तेवढा वर दिसावा, तशी ही रचना आहे. अळंब्याचें खरें शरीर म्हणजे लाकडांत किंवा मातींत पसरलेलें, केसाहूनही बारीक अशा पांढऱ्या तंतूंचें जाळें होय. शास्त्रज्ञ त्यास कवकजाल म्हणतात. हें जाळें मुकाट्यानें आपलें काम करीत असतें. छत्री हें केवळ त्याचें फळ.

प्रस्तुत लेखांत आम्ही अशाच एका अळंब्याची ओळख करून देणार आहों. तें बाजारांत भाजी म्हणून विकलें जातें, आणि त्याच वेळीं खनिज तेलानें वा रंगद्रव्यांनीं दूषित झालेली माती व पाणी शुद्ध करण्याच्या कामीं तें कितपत उपयोगी पडेल, याचा शोध अनेक देशांतील प्रयोगशाळांत चालू आहे. एकाच जीवाच्या अंगीं हे दोन गुण कसे आले? ते एका पिढींतून दुसऱ्या पिढींत कसे उतरतात? आणि त्यांवर आपण किती भरंवसा ठेवावा? या तीन प्रश्नांचा क्रमानें विचार करूं. तिसरा प्रश्न आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो; परंतु पहिल्या दोहोंचें उत्तर हातीं आल्यावांचून तिसऱ्याचें उत्तर नीट देतां येत नाहीं.

या अळंब्यास आपल्याकडे धिंगरी म्हणतात. तिचें शास्त्रीय नांव प्लूरोटस ऑस्ट्रिएटस. यांतील दुसऱ्या शब्दाचा अर्थ 'कालवासारखा' असा आहे. कारण हिची छत्री बहुधा मधोमध दांड्यावर उभी नसते, तर एका बाजूनें लाकडास चिकटलेली असते, आणि तिचा आकार समुद्रांतील कालवाच्या शिंपल्यासारखा दिसतो. ऑस्ट्रियांतील वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाउस जॅकिन यांनीं १७७४ सालीं या जातीचें वर्णन केलें, आणि १८७१ सालीं जर्मनीचे पाउल कुमर यांनीं तिला आजच्या प्लूरोटस या प्रजातींत बसविलें. पहिल्या महायुद्धाच्या काळांत जर्मनींत अन्नाची टंचाई पडली, तेव्हां रिखार्ड फाल्क यांनीं तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांवर हिची लागवड करण्याची रीत १९१७ सालीं प्रसिद्ध केली. भारतांत म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेंत बानो व श्रीवास्तव यांनीं १९६२ सालीं भाताच्या पेंढ्यावर या प्रजातीचें अळंबें वाढवून दाखविलें. ही गोष्ट ऐकावयास साधी वाटते; पण तिच्यामुळें ओंडक्याची गरज संपली, आणि ज्याच्या दारीं पेंढा आहे अशा कोणाही शेतकऱ्यास हें पीक घेणें शक्य झालें. पुण्याच्या कृषि महाविद्यालयांत अळंबी-संशोधनाचें केंद्र आहे, आणि महाराष्ट्रांत भाताचा पेंढा, गव्हाचें काड इत्यादि पदार्थ पिशव्यांत भरून त्यांवर धिंगरी घेतात. येथें एक खुलासा अवश्य आहे. आपल्याकडे धिंगरी हें नांव एकाच जातीस नसून प्लूरोटस प्रजातींतील अनेक जातींस सरसकट दिलें जातें. आम्ही खालीं जें प्रयोग सांगणार आहों, ते मुख्यतः ऑस्ट्रिएटस या जातीवर झालेले आहेत.

आतां पहिला प्रश्न. पेंढा काय, काड काय, लाकूड काय, या सर्वांत तीन द्रव्यें मुख्य असतात: सेल्युलोज, हेमिसेल्युलोज व लिग्निन. कुडाची भिंत ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस यांचा परस्परसंबंध लवकर ध्यानांत येईल. भिंतींतील कामट्या म्हणजे सेल्युलोज. त्या कामट्या एकमेकींस बांधून ठेवणारें बंधन म्हणजे हेमिसेल्युलोज. आणि वरून लिंपलेली व फटींतून भरलेली माती म्हणजे लिग्निन. सेल्युलोज ही साखरेच्या कणांचीच लांब माळ असल्यामुळें तींत अन्न आहे. परंतु लिंपण फोडल्याशिवाय कामट्या हातीं लागत नाहींत. गाय पेंढा खाते, पण त्यांतील लिग्निन तिला पचत नाहीं, व त्या लिंपणाखालीं दडलेला पुष्कळसा सेल्युलोजही तसाच शेणावाटे बाहेर पडतो.

लिग्निन पचावयास इतकें कठीण कां? जीवांच्या शरीरांत पदार्थ फोडण्याचें काम जीं द्रव्यें करितात, त्यांस विकर किंवा एन्झाइम म्हणतात. आपल्या लाळेंत भाकरीचा पिठूळ भाग फोडणारा एक विकर असतो. बहुतेक विकर किल्लीसारखे असतात; एका किल्लीनें एकाच प्रकारचें कुलूप उघडतें. सेल्युलोजच्या माळेंत सर्व मणी सारखे, म्हणून एका जातीची किल्ली साऱ्या माळेस पुरते. लिग्निनची गोष्ट निराळी. त्यांत कार्बनच्या सहा सहा अणूंचीं कडीं असतात, आणि तीं एकमेकांस नाना प्रकारांनीं व कसल्याही ठराविक क्रमावांचून जोडलेलीं असतात. जेथें प्रत्येक कुलूप वेगळें, तेथें किल्ली कोणती घडवावी?

धिंगरी व तिच्यासारखीं कांहीं कवकें यांनीं किल्लीचा नादच सोडून दिला आहे. त्यांच्याजवळ किल्ली नव्हे, तर पहार आहे. त्यांचे तंतू आपल्या अंगाबाहेर असे विकर सोडतात, कीं ते समोरच्या पदार्थाचा विशिष्ट आकार फारसा पाहत नाहींत. ते त्यांतील एखादा इलेक्ट्रॉन हिसकावून घेतात, आणि मग तो पदार्थ अस्थिर होऊन आपण होऊनच तुटूं लागतो. यांतील एका कुटुंबास लॅक्केज म्हणतात. हा विकर तांब्याच्या अणूंच्या साहाय्यानें व हवेंतील प्राणवायूच्या बळावर काम करितो. जपानी लाखेच्या झाडाच्या चिकांत योशिदा यांस तो १८८३ सालीं प्रथम आढळला, आणि त्याच्या नांवाचें मूळ शोधीत गेलें तर तें आपल्या 'लाक्षा' या शब्दाशींच जाऊन पोहोंचतें. दुसरें कुटुंब पेरॉक्सिडेज विकरांचें. त्यांच्या गाभ्यांत लोह असतें, आणि त्यांस हायड्रोजन पेरॉक्साइड लागतें. यांतील कांहींची युक्ति विशेष पाहण्यासारखी आहे. विकराचा रेणु मोठा, त्यास घट्ट लाकडाच्या बारीक छिद्रांतून आंत शिरतां येत नाहीं. म्हणून तो मँगनीज या धातूच्या लहानग्या अणूस तीव्र करून पुढें पाठवितो, व तो आंत शिरून लिग्निनवर घाला घालितो. धन्यानें उंबरठ्यावर उभें राहून चपळ पोरास माळ्यावर चढवावें, तसेंच हें झालें. लिग्निन निघून गेलें म्हणजे लाकूड पांढरें व तंतुमय दिसूं लागतें. म्हणून या प्रकारास 'पांढरी कूज' म्हणतात.

ही विद्या फार प्राचीन आहे. २०१२ सालीं ३१ कवकांच्या अनुवंशलिपींची तुलना करून डेव्हिड हिबेट व त्यांचे सहकारी यांनीं असा निष्कर्ष काढिला, कीं लिग्निन फोडणारे पेरॉक्सिडेज विकर सुमारें २९ कोटि वर्षांपूर्वीं अवतरले. या कवकांची उत्पत्ति होण्यापूर्वीं लांकडें कुजत नसत, व म्हणूनच पृथ्वीवर कोळशाचे एवढे थर सांठले, असेंही एक मत आहे. परंतु भूगर्भशास्त्रज्ञांत त्यावर वाद आहे, व २०१६ सालीं त्याविरुद्ध सबळ पुरावा मांडण्यांत आला. तेव्हां तें मत आपण निश्चित सत्य म्हणून धरूं नये.

आतां वाचकांच्या लक्षांत येईल, कीं अशा पहारीचा उपयोग लाकडापुरताच राहणार नाहीं. डांबर, धूर, जुनीं यंत्रतेलें यांत जे पदार्थ असतात, त्यांतील पुष्कळ घातक पदार्थ कार्बनच्या कड्यांचेच बनलेले असतात. कापड रंगविण्याच्या अनेक रंगांतही तींच कडीं असतात. हे पदार्थ फोडण्याची किल्ली निसर्गांत फारशी कोणाजवळ नसते, म्हणून ते वर्षानुवर्षें मातींत टिकतात. पण ज्यास कुलुपाची पर्वाच नाहीं, त्यास लाकूड काय आणि डांबर काय! १९८५ सालीं अमेरिकेंतील बंपस, टीन, राइट व ऑस्ट यांनीं 'सायन्स' या नियतकालिकांत असें दाखवून दिलें, कीं फॅनेरोकीट क्रिसोस्पोरियम नांवाचें पांढरी कूज आणणारें एक कवक डीडीटीसारखीं चिवट विषेंही फोडूं शकतें. तें कवक खाण्याचें नव्हे. परंतु त्यानंतर साहजिकच संशोधकांची दृष्टि, ज्याची लागवड सहज होते व ज्याचें बियाणें विकत मिळतें, अशा धिंगरीकडे वळली.

येणेंप्रमाणें पहिल्या प्रश्नाचें उत्तर मिळालें: धिंगरीची सफाईची शक्ति ही तिच्या पोट भरण्याच्या शक्तीचेंच दुसरें रूप आहे. ती विष खाण्यासाठीं निर्माण झालेली नाहीं. लाकूड फोडतां फोडतां वाटेंत आलेलें विषही तिच्या हातून फुटतें. हें वाक्य विद्यार्थ्यांनीं मनांत नीट धरून ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

दुसरा प्रश्न अनुवंशाचा. धिंगरीच्या छत्रीच्या खालच्या बाजूस पुस्तकाच्या पानांसारखे पडदे असतात. बाजारांतून आणलेली ताजी, पूर्ण उमललेली छत्री काळ्या कागदावर पडदे खालीं करून ठेवावी व वर एक वाटी पालथी घालावी. दुसऱ्या दिवशीं कागदावर पडद्यांची पांढुरकी नक्षी उमटलेली दिसेल. ती धूळ म्हणजे तिचे बीजाणु. (रानांतील अनोळखी छत्री या कामीं घेऊं नये व कोणतीही रानछत्री ओळखीवांचून तोंडांत घालूं नये, कित्येक जाति प्राणघातक असतात. बीजाणूंची धूळ हुंगूंही नये.) एकेका पडद्यावर लक्षावधि सूक्ष्म पेशी असतात, आणि त्या प्रत्येकीच्या टोकास चार बीजाणु धरतात.

एकटा बीजाणु रुजला तर त्यापासून कवकजाल होतें, परंतु त्यास साधारणपणें छत्री येत नाहीं. त्यास जोडीदार मिळावा लागतो, आणि जोडीदाराविषयीं निसर्गानें एक कडक नियम घालून दिला आहे. प्रत्येक बीजाणूंत दोन खुणा असतात. त्यांस आपण 'अ' व 'ब' म्हणूं. दोन जाळ्यांचा मिलाफ सफळ होण्यास त्यांची 'अ' खूण भिन्न पाहिजे आणि 'ब' खूणही भिन्न पाहिजे. एक खूण जरी समान निघाली, तरी संबंध जमत नाहीं. हान्स क्नीप या जर्मन शास्त्रज्ञानें १९२० सालीं दुसऱ्या एका कवकांत हा चौपदरी नियम शोधून काढिला. धिंगरीच्या बाबतींत यूजिनिओ व अँडरसन यांनीं १९६८ सालीं त्याचें वर्णन केलें.

याचें गणित आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पाहावें. एका छत्रीच्या आईबापांकडून आलेल्या खुणा अ१ब१ व अ२ब२ अशा आहेत असें समजा. तिच्या बीजाणूंत चार प्रकार संभवतात: अ१ब१, अ२ब२, अ१ब२ व अ२ब१. हे चार प्रकार आडव्या व उभ्या रांगेंत मांडून सोळा घरांचा चौकोन काढा. ज्या घरांत दोन्ही खुणा भिन्न आहेत, अशीं घरें चारच निघतील. म्हणजे एकाच छत्रीच्या भावंडांत जोडी जमण्याचा संभव चारांत एक. उलट, निसर्गांत या दोन्ही खुणांचे पुष्कळ निरनिराळे प्रकार असल्यामुळें, परक्या छत्रीच्या बीजाणूशीं जोडी बहुधा जमतेच. आपल्या समाजांत सगोत्र विवाह वर्ज्य मानण्याची चाल होती; येथें एक कवक, ना शास्त्र ना पंडित, तोच हेतु आपल्या दोन खुणांनीं बराचसा साधून घेतें. त्यामुळें दर पिढींत नवीन गुणांची सरमिसळ होते.

या विवाहांत आणखी एक नवल आहे. दोन जाळीं एकत्र आलीं, तरी दोघांचीं केंद्रकें, म्हणजे अनुवंशाच्या पेट्या, लगेच एक होत नाहींत. प्रत्येक पेशींत तीं दोन केंद्रकें शेजारीं शेजारीं नांदतात, बरोबरच विभागतात, आणि शेवटीं छत्रीच्या पडद्यांतील त्या सूक्ष्म पेशींत मात्र एकरूप होऊन ताबडतोब चार बीजाणूंत वांटलीं जातात. या शेजारधर्माचा फायदा संशोधकांनीं उत्तम करून घेतला. स्पेनमधील पांप्लोना येथील विद्यापीठांत पिसाबारो, रामिरेझ व त्यांचे सहकारी यांनीं एका लागवडीच्या वाणांतील दोन्ही केंद्रकें वेगळीं केलीं व त्यांपासून दोन स्वतंत्र जाळीं वाढविलीं. त्यांस पीसी ९ व पीसी १५ अशीं नांवें आहेत. २००० सालीं याच मंडळींनीं धिंगरीच्या ११ गुणसूत्रांचा नकाशा प्रसिद्ध केला. पुढें अमेरिकेंतील एका संस्थेच्या साहाय्यानें पीसी १५ ची संपूर्ण अनुवंशलिपि वाचण्यांत आली. तींत सुमारें ३ कोटि ४० लक्ष अक्षरें असून बारा हजारांहून कांहीं अधिक जनुकें आहेत. एक जनुक म्हणजे साधारणपणें एक विकर किंवा तत्सम द्रव्य कसें घडवावें याची कृति होय. मनुष्याच्या लिपींत सुमारें ३०० कोटि अक्षरें असतात, पण तिच्यांतील अशा कृति वीस हजारांच्या आसपासच आहेत. म्हणजे लिपि शंभरपटींच्या जवळ जाणारी, आणि कृति दुपटीहूनही कमी!

या बारा हजार कृतींत आपल्याला हवी असलेली पहार कोणती? शोधाअंतीं लॅक्केज विकराचीं १२ जनुकें सांपडलीं, आणि मँगनीजशीं संबंध असलेल्या पेरॉक्सिडेज विकरांचीं ९. एकाच कामासाठीं नऊ नऊ हत्यारें कशाला, हा प्रश्न साहजिकच उभा राहतो. त्याचें उत्तर इस्राएलमधील हिब्रू विद्यापीठाच्या कृषिशाखेंत यित्झाक हदार, ओडेड यार्डेन, तोमर सलामे इत्यादि संशोधकांनीं मोठ्या चिकाटीनें शोधलें. २०१२ सालीं त्यांनीं धिंगरीचें नेमकें एकच जनुक काढून टाकण्याची रीत बसविली. एखाद्या कारखान्यांत कोणतें चाक कोणत्या कामाचें हें कळत नसेल, तर एकेक चाक थांबवून काय बंद पडतें तें पाहावें, तशी ही रीत. त्या नवांपैकीं चौथें जनुक, ज्यास एमएनपी ४ म्हणतात, असा विकर घडवितें कीं तो मँगनीजसह व मँगनीजवांचून, दोन्ही प्रकारें काम करूं शकतो. परंतु भोंवतीं मँगनीज विपुल असलें कीं धिंगरी हें जनुक जवळजवळ मिटूनच ठेवते; त्याचें काम एरवींच्या सुमारें १ टक्क्यावर येतें.

मग त्यांनीं उलट प्रयोग केला. या जनुकापुढें सदैव चालू राहणारी दुसरी आज्ञा जोडून त्याची मँगनीजच्या बंधनांतून सुटका केली. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें या नव्या वाणानें ऑरेंज २, रिअ‍ॅक्टिव्ह ब्लॅक ५ व अमॅरंथ या तीन रंगांचें पाणी मूळ वाणाआधीं निवळविलें. तसेंच कपाशीच्या काटक्यांवर दोन आठवडे वाढविल्यावर त्यांतील लिग्निनचें विघटन व काटक्यांची पचनीयता मूळ वाणाच्या मानानें सुमारें २५ टक्क्यांनीं अधिक आढळली. वऱ्हाडांतील आमच्या वाचकांस हें वाचून आपल्या शेतांतील पऱ्हाट्यांची आठवण खचित होईल. जी काटकी आज चुलींत जाते किंवा बांधावर जाळली जाते, तिच्या लिंपणास कोणतें जनुक फोडतें हें आतां ठाऊक झालें आहे. त्यानंतर जनुकांत नेमका फेरफार करण्याचें क्रिस्पर हें तंत्रही धिंगरीवर यशस्वी झाल्याचें जपानी संशोधकांनीं २०२१ सालीं जाहीर केलें.

येथवर वाचून कोणाही उत्साही विद्यार्थ्यास वाटेल, कीं आतां काय उरलें! इचलकरंजीस रंगाचें पाणी आहे, पंचगंगा दूषित झाली आहे; धिंगरीचीं पोतीं नदींत सोडलीं म्हणजे काम झालें. ही समजूत दूर करणें हें शिक्षकाचें कर्तव्य आहे, आणि हाच आमचा तिसरा प्रश्न.

वर सांगितलेल्या हदार यांच्याच प्रयोगशाळेंत बेझालेल यांनीं १९९६ सालीं फेनॅन्थ्रीन या डांबरांत आढळणाऱ्या पदार्थावर प्रयोग केला. त्या पदार्थाच्या कार्बनवर किरणोत्सर्गी खूण केलेली होती, म्हणून तो कोठें कोठें गेला याचा माग काढतां आला. अकरा दिवसांनंतर पाहतां मूळ पदार्थापैकीं ९४ टक्के नाहींसा झाला होता. ही संख्या ऐकून कोणीही टाळ्या वाजवील. परंतु सर्वस्वीं जळून कर्बवायूंत रूपांतर पावलेला भाग केवळ ३ टक्के होता! उरलेल्यांतील बराच भाग फेनॅन्थ्रीनपासून झालेल्या दुसऱ्या पदार्थांच्या रूपानें तेथेंच होता. मूळ पदार्थ नाहींसा होणें आणि विष नाहींसें होणें, या दोन गोष्टी एक नव्हेत. नवीन पदार्थ कधीं निरुपद्रवी असतात, कधीं पुढें जीवाणु त्यांचा फडशा पाडतात, तर कधीं तेही त्रासदायक ठरतात. म्हणून प्रत्येक ठिकाणीं तपासणी करावीच लागते. या प्रयोगानें आणखी एक गोष्ट उघड केली. फेनॅन्थ्रीनवरील पहिला घाव बाहेरच्या पहारीचा नसून पेशीच्या आंतील सायटोक्रोम पी-४५० या जातीच्या विकरांचा असावा, असें दिसून आलें. धिंगरीच्या लिपींत या विकरांचीं शंभराहून अधिक जनुकें आहेत. म्हणजे अंगणांत पहार, आणि घरांत आणखी एक हत्यारांची खोली!

दुसरी मर्यादा पहिल्या प्रश्नाच्या उत्तरांतच आहे. विष हें धिंगरीचें अन्न नव्हे. तिचें अन्न पेंढा. दूषित मातींत तिला कामास लावावयाचें असेल, तर पेंढा, भुसा किंवा लाकडाचा चुरा मिसळून तिची शिदोरी बरोबर द्यावी लागते, हवा खेळती ठेवावी लागते, ओल राखावी लागते. प्रयोगशाळेंतील बाटली निर्जंतुक असते; शेतांतील मातींत हजारों जीवाणु व दुसरीं कवकें तिच्याशीं झगडावयास उभीं असतात. वाहत्या नदींत तर ती टिकणारच नाहीं. म्हणून अशा पाण्यासाठीं जाळें एखाद्या टांकींत स्थिर ठेवून त्यांतून पाणी संथपणें सोडणें, किंवा धिंगरीचें पीक काढून घेतल्यावर उरलेला, विकरांनीं भरलेला पेंढा कामीं आणणें, अशा मार्गांनींच संशोधक प्रयत्न करीत आहेत.

तिसरी मर्यादा सर्वांत कठोर. शिसें, पारा, कॅडमियम हीं मूलद्रव्यें आहेत. पहार रेणूस फोडते, अणूस नव्हे. धातूचा अणु कोणतेंही अळंबें मोडूं शकत नाहीं. फार तर तें तो शोषून आपल्या अंगांत सांठवितें, आणि अळंब्यांत कॅडमियम व पारा सांठतात हें अनेक वेळां मोजून पाहिलें गेलें आहे. यावरून जो व्यवहाराचा नियम निघतो, तो प्रत्येक घरानें लक्षांत ठेवावा: सफाईस लावलेली धिंगरी ताटांत येतां कामा नये. छत्री कितीही शुभ्र व मांसल दिसो, ती कोणत्या पेंढ्यावर व कोणत्या मातींत वाढली हें ठाऊक असलें पाहिजे. कारखान्याच्या सांडपाण्यावर वाढलेल्या गवतावर, किंवा औषधें मारलेल्या पिकाच्या काडावर, तपासणीवांचून खाण्याचें अळंबें घेऊं नये. ज्या गुणामुळें ती उत्तम सफाईगार, त्याच गुणामुळें तिच्या अन्नाविषयीं आपण अधिक सावध असलें पाहिजे.

चौथी गोष्ट बीजाणूंची. प्लूरोटस प्रजातींतील सोनेरी धिंगरी ही मूळची पूर्व आशियांतील. उत्तर अमेरिकेंत लोकांनीं ती लागवडीसाठीं नेली. तेथून ती रानांत निसटली व मेलेल्या झाडांवर झपाट्यानें पसरली. २०२५ सालीं विस्कॉन्सिनमधील संशोधकांनीं दाखविलें, कीं जीं झाडें तिनें व्यापिलीं, त्यांवर इतर कवकांच्या जाति कमी झाल्या. तेव्हां परदेशचा जोमदार वाण आणून मोकळ्या मातींत सोडणें म्हणजे एक घाण काढतांना दुसरी आपत्ति ओढवून घेणें होऊं शकतें. येथेंही उपाय अनुवंशशास्त्रच सुचवितें. बीजाणु तयार होण्याच्या वेळीं केंद्रकाची जी विभागणी होते, तिला एमएसएच ४ नांवाच्या जनुकासारखें एक जनुक लागतें. तें खंडित झाल्यास छत्री येते, परंतु बीजाणु धरत नाहींत, असें नेदर्लंड्समधील संशोधकांनीं २०२० सालीं धिंगरीवर सिद्ध केलें. अशा वाणापासून रानास धोका कमी. आणि बंद खोल्यांत धिंगरी पिकविणाऱ्या मजुरांस बीजाणूंच्या धुळीनें जो खोकला व श्वासाचा विकार जडतो, त्यांतूनही त्यांची सुटका होते. एका जनुकाचें ज्ञान असें दोन ठिकाणीं उपकारक ठरतें.

एकंदरींत पाहतां, धिंगरी ही कोणतीही घाण गिळणारी जादूची छत्री नव्हे. आणि केवळ चैनीची भाजीही नव्हे. कोट्यवधि वर्षें लाकूड फोडीत आलेला तो एक कसबी कामकरी आहे. त्याच्या हत्यारांची यादी आतां आपल्या हातीं आली आहे; कोणतें हत्यार कोणत्या वेळीं चालतें हेंही हळूंहळूं कळूं लागलें आहे. परंतु कामकऱ्यास त्याच्या कसबाबाहेरचें काम सांगून मग त्यास दोष देणें, हें शहाणपणाचें नव्हे. आणि त्याच्या भरंवशावर आपण नद्यांत खुशाल घाण ओतीत राहणें, हें तर त्याहूनही वाईट.

यापुढें अमुक एका जीवानें अमुक विष नाहींसें केलें अशी बातमी विद्यार्थ्यांच्या वाचनांत येईल, तेव्हां त्यांनीं तीन गोष्टी विचाराव्या. पदार्थ समूळ नाहींसा झाला, कीं त्याचें रूप मात्र पालटलें? प्रयोग बाटलींत झाला, कीं उघड्या मातींत? आणि जें उरलें, तें शेवटीं कोणाच्या पोटांत गेलें? ज्या विद्यार्थ्यास हे प्रश्न सुचतील, त्यास धिंगरीचा हा पाठ समजला असें आम्ही खुशाल म्हणूं.